चेकबुक कोणाच्या हाती द्यायचं?

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं घेऊन:

‘ताई, मी जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात १९ वर्षांपासून लूमवर आहे. मूळ गाव अमळनेर तालुक्यात. आमच्या युनियनचा मी खजिनदार. हजेरीपटावर ४०० कामगार, त्यातले ३१० युनियनचे सभासद. २०२१ नंतर निवडणूकच झाली नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी चारला आमसभा बोलावली. दुसरी पाळी कामावर होती, पाचोरा-भुसावळकडून अप-डाऊन करणारे आलेच नव्हते. आमच्या सरचिटणीसांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी जुनीच कमिटी वाचून दाखवली, हात वर करायला लावले आणि ‘सर्वानुमते’ लिहून टाकलं. तरुण पोरं उठून गेली. आठ दिवसांनी त्यांनी मारुतीच्या मंदिरात सभा घेऊन स्वतःची कमिटी निवडली. दोघांनीही युनियनांची नोंदणी करणाऱ्या निबंधकांकडे आपापली नावं पाठवली आहेत. पगाराचा करार डिसेंबरात संपला. मालक म्हणतात, आधी तुमच्यात ठरवा, मग बोलू. पगारातून वर्गणी कापणंही त्यांनी थांबवलं. चेकबुक आणि पावतीपुस्तकं माझ्याकडे आहेत आणि दोन्हीकडचे ती मागतात. आप्पा माझे साडू, त्यांनीच मला इथं चिकटवलं. पण पोरांचं म्हणणं मला पटतं. काही जण नवीन युनियन काढू म्हणतात. रात्री झोप लागत नाही. ताई, आते काय करानं?’

भाऊ, आधी चेकबुकाचं बोलू, कारण झोप त्यानंच उडवली आहे. ते कोणालाच देऊ नका. आप्पांना नाही आणि पोरांनाही नाही. तो पैसा नोंदणी झालेल्या युनियनचा आहे आणि रीतसर निवडून आलेला खजिनदार तुमच्याकडून ताबा घेईपर्यंत जबाबदारी तुमची आहे. आज एका गटाला देऊन बसलात आणि उद्या असे वाद ऐकणाऱ्या औद्योगिक न्यायाधिकरणानं दुसऱ्या गटाची कमिटी खरी ठरवली, तर मधल्या काळातल्या एकेका रुपयाचा हिशेब तुम्हाला विचारला जाईल. त्या वेळी साडू म्हणून दिलं, हे उत्तर चालत नाही.

या आठवड्यातच बँकेला पत्र द्या. त्यात एवढंच लिहा की पदाधिकाऱ्यांच्या निवडीबद्दल वाद आहे आणि दोन्ही बाजूंचं सहीचं संमतीपत्र किंवा न्यायाधिकरणाचा आदेश येईपर्यंत खात्यातून रक्कम काढू देऊ नये. पोच घ्या. पत्राची एक प्रत आप्पांना, एक पोरांच्या म्होरक्याला. मग दोन्हीकडचा एकेक माणूस बोलवा आणि त्यांच्यासमोर पावतीपुस्तकांची मोजदाद करा. किती पुस्तकं, पहिला नंबर कोणता, शेवटची फाडलेली पावती कोणती, कोरी किती उरली, हे सगळं एका कागदावर उतरवा आणि तिघांच्या सह्या घ्या. शेवटच्या वापरलेल्या पावतीच्या स्थळप्रतीवर तिघांनी सही करून त्याखाली रेघ मारा. या रेघेचं महत्त्व पुढं सांगते. ऑफिसचं भाडं आणि लाइट बिल भरायचं असेल तर दोघांची लेखी संमती घेऊन तेवढाच चेक फाडा.

आता सभांचं. तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या मनात आहे की यातली खरी कमिटी कोणती. मला जे दिसतं ते स्पष्ट सांगते. दोन्ही निवडी कच्च्या आहेत.

आप्पांच्या बाजूची अडचण अशी की त्यांची मुदत आधीच संपलेली होती. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नव्हती. तुमची २०२१ ची कमिटी म्हणजे २०२४ लाच उतरली. त्यानंतर तिनं करायचं काम एकच होतं, ते म्हणजे सगळ्यांना मत देता येईल अशी निवडणूक लावणं. एक अख्खी पाळी मशीनवर उभी असताना घेतलेल्या हातांना ‘सर्वानुमते’ म्हणणं मला पटत नाही, आणि कोणत्याही न्यायाधीशाला ते पटवून देणं कठीण जाईल.

पण पोरांचीही बाजू तितकीच लंगडी आहे. विशेष सभा कोण बोलावू शकतो, त्यासाठी किती सभासदांच्या सह्यांचं मागणीपत्र लागतं, किती दिवसांची नोटीस, गणपूर्ती किती, हे तुमच्या नियमावलीत लिहिलेलं असणार. मंदिरातल्या सभेत यातलं काय पाळलं? रागानं उठून गेलेला माणूस खरा असू शकतो, तरी त्याची सभा रीतसर होत नाही. निबंधकांच्या कार्यालयात अर्ज करून नियमावलीची प्रमाणित प्रत मागवा. ऑफिसच्या कपाटातल्या प्रतीवर विसंबू नका. तीत पेनानं केलेल्या दुरुस्त्या असतात, त्या निबंधकांकडे नोंदल्या गेल्यात की नाही हे कोणाला ठाऊक नसतं, आणि वाद चालतो तो नोंदलेल्या प्रतीवरच.

निबंधकांवरून आठवलं. दोन्ही गट त्यांच्याकडे खेपा घालत असतील. बदललेल्या पदाधिकाऱ्यांची नोंद ठेवणं हे त्या कार्यालयाचं काम. दोन याद्या समोर आल्यावर साक्षीपुरावे घेऊन यातला निवडून आलेला कोण, हा निवाडा देण्याचा अधिकार त्यांना नाही. तिथल्या बाकावर बसून माझ्या अशिलांचे महिने गेलेले मी पाहिले आहेत. नियमावलीची प्रत घ्या, पोच घ्या आणि परत या.

गेली २४ वर्षं धुळे-जळगावच्या कामगारांची प्रकरणं मी चालवते आहे. युनियनच्या निवडणुकीवरून झालेल्या भांडणांत दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलतात ती सभेबद्दल, नोटिशीबद्दल, कोण कोणाला काय बोललं त्याबद्दल. कागद उघडले की वाद येऊन थांबतो तो सभासदांच्या यादीवर. मत द्यायचा हक्क कोणाला, हे ज्या दिवशी दोन्ही गटांच्या सहीनं ठरतं, त्या दिवशी निम्म्याहून जास्त भांडण मिटलेलं असतं. उरतं ते मोजणं.

एक प्रसंग सांगते. खानदेशातल्याच एका साखर कारखान्याची युनियन, कारखान्याचं नाव नको. निवडणुकीआधीच्या आठवड्यात साठेक जणांची थकलेली वर्गणी एका रात्रीत भरली गेली. पावत्यांवर तारखा चार महिन्यांपूर्वीच्या, अक्षर एकाचं, पेनही एकच. पैसे कोणाच्या खिशातून आले हे सगळ्या गेटला माहीत होतं. मी तेव्हा हरलेल्या गटाची वकील होते आणि माझी चूक अशी झाली की मी घाईनं दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायला गेले. तिथं अधिकार कोणाचा यावरच तारखा पडत राहिल्या. दीड वर्षानं योग्य जागी पोचलो तोवर वादातल्या कमिटीची निम्मी मुदत संपली होती आणि माझ्या बाजूची दोन कुटुंबं ऊसतोडीला बाहेरगावी गेली होती. त्या माणसांचे चेहरे मला अजून दिसतात. म्हणून तुम्हाला पावतीपुस्तकावर ती रेघ मारायला सांगितली. वाद सुरू झाल्यानंतर फाडलेली एकही पावती मतदारयादीत जाता कामा नये.

तर यादी करा. वाद पेटायच्या आधीची तारीख धरा, समजा करार संपला तो महिना. कंपनीनं पगारातून वर्गणी कापलेल्यांची यादी एकीकडे आणि तुमच्या स्थळप्रती दुसरीकडे, ओळीला ओळ लावून बघा. कंपनीच्या यादीचा पुरावा म्हणून उपयोग करा, पण सभासद कोण हे कंपनीला ठरवू देऊ नका. अडणारी नावं तीच ती असतात. बडतर्फ झालेला पण केस लढणारा, लांबच्या रजेवर असलेली बाई, दोन महिने वर्गणी थकलेला, ठेकेदाराकडून आलेला. प्रत्येकासाठी नियमावली काय म्हणते ते शोधा आणि जो नियम एकाला लावाल तोच सगळ्यांना लावा, मग तो आप्पांचा भाचा असो की पोरांचा दोस्त. कच्ची यादी गेटजवळच्या फळ्यावर सात दिवस लावा. हरकती लेखी घ्या. त्यानंतर पक्की यादी, पानोपानी दोन्ही बाजूंच्या सह्या.

हे सगळं कोणी करायचं? तुम्ही नाही. तुम्ही एका बाजूचे साडू आणि दुसऱ्या बाजूचे मनानं. निवडणूक निर्णय अधिकारी बाहेरचा हवा. कोर्टातून निवृत्त झालेला शिरस्तेदार, कॉलेजातला प्राध्यापक, दुसऱ्या उद्योगातल्या युनियनचा जुना जाणता माणूस, यांपैकी ज्याच्यावर दोघांचा भरोसा बसेल असा. कंपनीचा एचआर नको. आणि कळकळीनं सांगते, आमदार-नगरसेवकांच्या बंगल्यावर जाऊ नका. आपल्याकडे प्रत्येक भांडण तिकडं न्यायची सवय आहे. पण तिथं मिटलेला वाद पुढच्या निवडणुकीच्या प्रचारात वसूल होतो आणि युनियन कोणाच्या तरी खिशात गेली, हे ज्याला विचारलं नाही त्या कामगाराला सगळ्यात आधी कळतं.

अधिकारी ठरला की एकच कागद करायचा, तडजोडीचा. मसुदा मोठा नसतो. दोन्ही कमिट्या आपापला दावा निकालापर्यंत बाजूला ठेवतील. ठरलेल्या यादीवर गुप्त मतदान होईल. निकाल दोघांना बंधनकारक राहील. तोपर्यंत मालकाशी कोणीही एकटा पत्रव्यवहार करणार नाही. निबंधकांना दोघांच्या सहीनं कळवलं जाईल. एवढं पुरे. हा कागद पुढं न्यायाधिकरणात जायची वेळ आलीच तर तिथंही तुमच्या कामी येतो.

मतदानाचा दिवस मात्र विचार करून ठेवा. तिन्ही पाळ्यांना मत देता आलं पाहिजे, म्हणजे पहाटे पाळी बदलायच्या आधीपासून रात्रीची पाळी आत जाईपर्यंत पेटी उघडी हवी. अप-डाऊनवाल्यांना गाडी पकडायची असते, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी रांग ठेवा. बायकांच्या पाळीला अंधारात थांबावं लागणार नाही असं बघा. मतपत्रिकेवर नावाबरोबर चिन्ह हवं. यादीवर सही घ्या, पण मतपत्रिकेचा नंबर सहीसमोर लिहू नका, नाहीतर गुप्त राहायचं काही उरत नाही. मोजणी त्याच रात्री, त्याच जागी, पेटी नजरेआड न करता. मोजलेल्या मतपत्रिका लाखबंद करून अधिकाऱ्याकडेच ठेवा, पुढं कोणी आव्हान दिलं तर त्याच तुमचा पुरावा. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात चुकूनही ठेवू नका. लेकी माहेरी आलेल्या असतात, निम्मा कारखाना गावाला जातो, आणि मग पुन्हा तेच गाऱ्हाणं, की आम्ही नव्हतो तेव्हा उरकून घेतलं. आखाजीच्या आधी होण्यासारखं आहे, मनावर घेतलं तर.

आता समजा आप्पांनी सही नाकारली, किंवा पोरांनी. मग कायद्याचा रस्ता. आपल्या राज्यात पूर्वी १९२६ च्या कायद्याला जोडलेलं २८-१अ हे कलम होतं. पदाधिकारी कोण किंवा सभासद कोण असा वाद असेल, किंवा युनियनच्या मालमत्तेचा आणि हिशेबाच्या वह्यांचा वाद असेल, तर किमान सहा महिने सभासद असलेल्याला निबंधकांची संमती घेऊन तो औद्योगिक न्यायालयात नेता यायचा. त्या न्यायालयाला निवडणूक देखरेखीखाली घ्यायला लावण्याचा आणि मधल्या काळात कारभार पाहायला माणूस नेमण्याचाही अधिकार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ चा कायदा तिच्यात विरघळला. तुमच्या दोन्ही सभा त्या तारखेनंतरच्या, म्हणून तुम्हाला पाहायचं आहे ते संहितेचं २२ वं कलम. त्यात पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीवरून सभासद आणि युनियन यांच्यात वाद झाला तर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो असं सरळ लिहिलं आहे. युनियनचं नोंदणीकृत ऑफिस ज्या हद्दीत, तिथलं न्यायाधिकरण. अशा वादात दिवाणी न्यायालयाचं दार बंद आहे, तेव्हा मी केलेली चूक तुमचा वकील करत असेल तर त्याला हे कलम दाखवा.

अर्जात कमिटी रद्द करा एवढंच मागून थांबू नका. नुसती रद्द केली तर युनियन बिनमालकाची होते. निकालापर्यंत खातं गोठवा, हिशेबाच्या वह्या सुरक्षित ठेवा, आणि ठरावीक मुदतीत नेमलेल्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गुप्त मतदान घ्या, असं मागा. सोबत नियमावलीची प्रत, सभेची नोटीस, त्या दिवशीचा पाळीचा तक्ता आणि तुमचा तो तिघांच्या सह्यांचा कागद जोडा. पाळीचा तक्ता विसरू नका. किती सभासद मशीनवर होते हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही सांगणार नाही.

संहितेमुळे आणखी एक काम डोक्यावर आहे. जुन्या कायद्याखाली नोंदलेली युनियन आपोआप नोंदलेली धरली जाते, पण तिनं आपली नियमावली संहितेनुसार सुधारून आणि कार्यकारिणी संहितेप्रमाणे आहे असं निवेदन लिहून निबंधकांना द्यायचं आहे. तुमच्याकडे ते निवेदन सही करून देणार कोण? दोन कमिट्यांनी दोन निवेदनं दिली तर काय होईल, हे तुम्हीच बघा. हा मुद्दा दोन्ही गटांपुढे ठेवा. भांडण आवरायला तो माझ्या उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

नवीन युनियन काढायची का? काढता येते. सात जणांनी अर्ज करता येतो, फक्त त्या उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत. तुमच्याकडे म्हणजे ४० जण जमवले की झालं. म्हणूनच मला भीती वाटते. संहितेप्रमाणे एकाहून जास्त युनियन असतील तर वाटाघाटीला एकट्यानं बसण्यासाठी हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तुमच्या ४०० वर तो आकडा २०४. आज ३१० जण एका युनियनमध्ये आहेत. फुटून १७० आणि १४० झाले तर एकट्यानं सही करायची ताकद कोणाकडेच राहत नाही. मग किमान २० टक्के, म्हणजे ८० कामगार पाठीशी असलेल्या युनियनांचे प्रतिनिधी घेऊन वाटाघाटीची परिषद बनते, आणि आज एकमेकांची तोंडं न पाहणारी हीच माणसं मालकासमोर एका बाजूला बसतात. ‘आधी तुमच्यात ठरवा’ हे वाक्य तेव्हा मालकाला दर करारात वापरता येईल. पोरांना हे आकडे कागदावर मांडून दाखवा. ती हुशार आहेत, त्यांना कळेल.

करार मात्र निवडणुकीची वाट पाहत ठेवू नका. दोन्ही गटांच्या सहीचं एक पत्र मालकाला आजच जाऊ द्या, की मागण्या या आहेत, बोलणी सुरू करा, अंतिम सही नवी कमिटी करेल, आणि ज्यांची लेखी संमती आहे त्यांची वर्गणी कापून वेगळी ठेवा. मागण्यांवर तुमच्यात मतभेद असतील असं मला वाटत नाही. पगार दोघांनाही वाढवून हवा आहे.

राहिले आप्पा. तुमच्या पत्रात सगळ्यात जड वाक्य तेच होतं.

धुळे-अमळनेरच्या कामगारांत साने गुरुजींनी संघटनेचं काम केलं, त्याच मातीतले तुम्ही दोघं. पुढं त्या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि तिथल्या पोरांनी एमआयडीसीची वाट धरली. आप्पांच्या पिढीनं इथं शून्यातून युनियन उभी केली असेल, गेटवर मार खाल्ला असेल, पहिला करार जागून लिहिला असेल. असा माणूस निवडणूक टाळतो तेव्हा त्याला खुर्चीचा मोह झाला असं आपण चटकन म्हणतो. मला बऱ्याचदा वेगळं दिसलं आहे. त्याला धास्ती असते की उतरलो की पहिल्याच दिवशी मला चोर म्हणतील. चार वर्षांचा हिशेब एखाद्या चिठोऱ्यावर राहिलेला असतो, एखादा खर्च बिलाविना झालेला असतो, आणि ते सांगायला जागा उरत नाही. तुम्ही खजिनदार आहात, त्या वह्या तुमच्याही आहेत. त्यांच्याबरोबर बसा, २०२१ पासूनचा जमाखर्च लावा, जिथं बिल नाही तिथं ‘बिल नाही’ असं लिहा, आणि निवडणुकीआधीच सगळ्या सभासदांपुढं वाचून दाखवा. हिशेब बघणं हा सभासदाचा हक्कच आहे. पोरांकडूनही एक शब्द घ्या की वाचलेल्या हिशेबावर प्रश्न विचारतील, पण गेटवर घोषणा देणार नाहीत.

आणि बँकेचं पत्र आप्पांच्या हाती दुसऱ्या कोणाकडून पडू देऊ नका. रविवारी सकाळी त्यांच्या घरी जा, तुमच्या घरच्या मालकीणबाईंना सोबत न्या. बहिणी बहिणी आत बोलत बसतील, तुम्ही दोघं ओट्यावर बसा. पत्र स्वतः त्यांच्या हातात द्या आणि सांगा की हेच पत्र पोरांनाही दिलं आहे, शब्द न शब्द तेच. ते चिडतील. बोलू द्या. चहा घेऊन निघताना चटईवर वह्या मांडायला कोणत्या दिवशी येऊ, तेवढं विचारून घ्या.